पात्र, अपात्र आणि सातबारा : यवतमाळच्या खेड्यातून ब्रिटनमधल्या सामाजिक धोरणाच्या वर्गापर्यंत

विद्यार्थिनी २३ वर्षांची, यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटर आत राहणारी. घरी पाच एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. प्रवर्ग नवबौद्ध. समाजशास्त्रात बी.ए. आणि एम.ए., दोन्ही मराठी माध्यमातून, दोन्ही प्रथम श्रेणीत. त्यानंतर दीड वर्ष गावपातळीवरच्या एका प्रकल्पात विधवा शेतकरी महिलांचे सरकारी अर्ज भरून देण्याचं काम. आता ब्रिटनमध्ये सामाजिक धोरणाची एक वर्षाची एम.एस्सी. करायची, तीही शिष्यवृत्तीवर. हे एकाच मुलीचं प्रकरण नव्हे. अशा अर्जांत ज्या अडचणी पुन्हापुन्हा येतात त्या जोडून ते उभं केलं आहे. नियम आणि रकमा मात्र आहेत तशाच दिल्या आहेत.

समाजशास्त्र की सामाजिक धोरण

पहिला गोंधळ विषयाच्या नावापासूनच होता. समाजशास्त्र विचारतं की नवरा गेल्यावर बाईच्या नावावर वावर का चढत नाही. सामाजिक धोरण त्यापुढे जातं: वावर नावावर नसलेल्या बाईला मदत नाकारणारा नियम केला कुणी, तो राबवतं कोण, आणि तो बदलला तर कुणाच्या हाती काय पडेल? ब्रिटनमध्ये हा जुना, स्वतंत्र विषय आहे. यॉर्क, बाथ, ब्रिस्टल, एडिंबरा, बर्मिंगहॅम इथे तो शिकवतात. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या विभागाची सुरुवात १९१२ ची, आणि तिथे गरिबीच्या अभ्यासासाठी सुरुवातीला पैसा दिला तो मुंबईच्या सर रतन टाटांनी, म्हणजे जमशेटजींच्या धाकट्या मुलाने. त्याच पैशावर इतिहासकार आर. एच. टॉनी यांनी इंग्लंडमधल्या किमान वेतनाचा अभ्यास केला. मुंबईच्या पैशातून इंग्लंडची गरिबी मोजली गेली, हे इकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

अर्ज भरून देण्याचा दीड वर्षाचा अनुभव पाहता तिच्यासाठी सामाजिक धोरणच बरोबर होतं. तिला मात्र हा अनुभव ‘किरकोळ’ वाटत होता, आणि त्याचा परिणाम पुढच्या पायरीवर लगेच दिसला.

हेतुपत्राचा पहिला मसुदा

हेतुपत्राची, म्हणजे हा अभ्यासक्रम का करायचा हे सांगणाऱ्या पत्राची, सुरुवात अशी होती: ‘मी शेतकरी आत्महत्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यातून येते. लहानपणापासून मी दुःख जवळून पाहिलं आहे.’ साडेसातशे शब्दांत दुःख सहा वेळा आलं. धोरण एकदाच, तेही शेवटच्या ओळीत. विदर्भातून जाणाऱ्या बहुतेक मसुद्यांचं हेच होतं, आणि त्याचा दोष मुलांना देता येत नाही. जिल्ह्याबद्दल बाहेरचे जे लिहितात, तेच मुलं स्वतःबद्दल लिहायला शिकतात. प्रवेश समितीला मात्र उमेदवाराने काय सोसलं हे मोजायचं नसतं. त्याला प्रश्न नेमका विचारता येतो का, हे पाहायचं असतं.

दुसऱ्या मसुद्याआधी तिला एकच काम दिलं: आत्महत्येनंतरच्या मदतीच्या एका फायलीत काय काय असतं ते आठवून लिहायचं. तिने दहा मिनिटांत लिहिलं. पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, तलाठ्याचा अहवाल, सातबारा, आठ-अ, बँकेचं किंवा सोसायटीचं थकबाकीचं पत्र. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणारी राज्य सरकारची मदत १ लाखाची. २००६ च्या शासन निर्णयाप्रमाणे त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. निकषांत नापिकी, बँकेचं, सहकारी संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि वसुलीचा तगादा. फाइल समितीसमोर जाते आणि शेरा पडतो, ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’.

मग नव्या मसुद्याची पहिली ओळ सुचायला वेळ लागला नाही. एकाच गावातली, एकाच हंगामातली दोन कुटुंबं. एकाचं कर्ज सेवा सहकारी सोसायटीचं, दुसऱ्याचं परवाना नसलेल्या सावकाराचं. दुसऱ्या घरातला माणूस तोंडी करारावर मक्त्यानं वावर करायचा. पहिली फाइल पात्र, दुसरी अपात्र. नापिकी दोन्हीकडे होती, फरक फक्त कागदाचा. त्याखाली प्रश्न: मदतीची गरज आणि मदतीचा पुरावा यांत अंतर पडतं तेव्हा गावपातळीवरचा कर्मचारी काय करतो? सारं पत्र याच प्रश्नाभोवती बांधलं. ‘दुःख’ हा शब्द एकदाही आला नाही.

नावं, इंग्रजी, शिफारसपत्रं

हे तिन्ही मुद्दे साधे वाटतात, आणि अर्ज अडतो तो इथेच. महाराष्ट्राच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. तिच्या पारपत्रात ‘दिलेलं नाव’ या जागी स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र होतं. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची नोंदणी तिने फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव लिहून केली होती. नोंदणी, विद्यापीठाचा अर्ज आणि व्हिसा, तिन्हीकडे नाव पारपत्राप्रमाणेच हवं. परीक्षेआधी दुरुस्ती झाली म्हणून निभावलं. नंतर लक्षात आलं असतं तर सुमारे १८ हजारांचं शुल्क पुन्हा भरावं लागलं असतं.

शिक्षण मराठी माध्यमातून झालेलं, त्यामुळे ‘माध्यम इंग्रजी होतं’ असा दाखला मागायचा प्रश्नच नव्हता. कुणी तसा दाखला ‘काढून देतो’ म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नये. खोटं कागदपत्र निघालं तर व्हिसा नाकारला जातोच, शिवाय पुढच्या अर्जांवर दहा वर्षांची बंदी येऊ शकते. परीक्षेत वाचन, श्रवण ठीक गेलं, लेखनात ५.५ पडले. विद्यापीठाला प्रत्येक भागात किमान ६ हवे होते. कारण व्याकरण नव्हतं. लेखनाच्या दुसऱ्या भागातल्या निबंधात तिने दोन्ही बाजू लिहिल्या आणि स्वतःचं मत कुठेच मांडलं नाही. दुसऱ्या प्रयत्नात हे सुधारलं. हाच दोष पुढे विद्यापीठातही निघणार होता.

शिफारसपत्रं दोन. पहिल्या प्राध्यापकांनी लिहिलं, ‘विद्यार्थिनी कष्टाळू, आज्ञाधारक आणि सुस्वभावी आहे.’ आपल्याकडे हे कौतुक, तिकडे त्यातून काहीच कळत नाही. तिने सरांना एक पानाचं टिपण नेऊन दिलं: एम.ए.चा लघुप्रबंध कशावर होता, किती घरांची पाहणी केली, त्यात काय चुकलं. पत्र त्यावरून पुन्हा लिहिलं गेलं. आणखी एक अट: पत्र महाविद्यालयाच्या अधिकृत ईमेलवरून जावं लागतं. सरांचा खासगी जीमेल पत्ता चालला नाही, आणि महाविद्यालयाचा ईमेल चालू करून घेण्यात अकरा दिवस गेले.

पैसा, आणि २८ दिवसांचा नियम

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. २००३ पासूनची, आता वर्षाला ७५ जागा, अर्ज पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडे. अटी वर्षागणिक बदलतात, म्हणून मागच्या वर्षीच्या मित्राचं ऐकण्यापेक्षा त्या वर्षीची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी. विशेष लक्ष द्यायचं ते क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीच्या अटीवर. तिथे विद्यापीठाचा एकूण क्रमांक धरतात, विषयाचा नाही. सामाजिक धोरणात नावाजलेलं एखादं विद्यापीठ एकूण यादीत खाली असू शकतं. तिच्या पाच पसंत्यांपैकी दोन याच कारणाने कटल्या.

केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती हा दुसरा मार्ग. पण २०२२-२३ च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावर आधारित सामाजिक अभ्यासाचे विषय योजनेतून वगळले गेले. समाजशास्त्र शिकणाऱ्यासाठी ही एक ओळ फार महागाची आहे. यवतमाळच्या मदत-फायलींवर संशोधन करू पाहणाऱ्या मुलीने ती अर्ज भरण्याआधी वाचलेली बरी, नंतर नव्हे. तिने राज्याची योजना धरली.

जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, अधिवास हे सारं आधीच तयार हवं. वैधता प्रमाणपत्र नसेल तर बाकी सगळी धावपळ वाया जाते. तिचं अकरावीतच काढून ठेवलं होतं.

आता हिशेब. शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड. व्हिसासाठी ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनबाहेर महिन्याला १,१७१ पौंड दाखवावे लागतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे, म्हणजे १०,५३९. तूट ६३९ पौंडांची. लंडनमध्ये महिन्याला १,५२९, म्हणजे १३,७६१, आणि तूट ३,८६१ पौंड. लंडनबाहेरचं विद्यापीठ निवडायला हे एक कारणही पुरेसं होतं. प्रायोजकाच्या पत्रात ‘संपूर्ण खर्च’ म्हटलंय की आकडा दिलाय, यावर पुढचं सगळं ठरतं. आकडा दिला असेल आणि तो कमी पडत असेल, तर उरलेली रक्कम खात्यात दाखवावी लागते, सलग २८ दिवस. त्यातला एकही दिवस शिल्लक खाली गेलेली चालत नाही. २८ वा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आत यावा लागतो.

६३९ पौंड म्हणजे साधारण ७५ हजार रुपये. ही रक्कम नेमकी जून-जुलैमध्ये दाखवायची होती. कापसाचा पैसा घरात येतो हिवाळ्यात. जूनमध्ये मृग लागला की बियाणं, खत, फवारणी, आणि खातं तळाला. वडिलांचं खातं पीककर्जाचं, म्हणजे तिथे शिल्लक नव्हे, उणे रक्कम. काकांनी पैसे देऊ केले, पण काकांच्या खात्यातले पैसे धरत नाहीत. खातं विद्यार्थ्याचं किंवा आईवडिलांचंच लागतं. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि संमतीपत्रही जोडावं लागतं. शेवटी काकांनी मे महिन्यातच रक्कम तिच्या खात्यात वळती केली आणि तिने ते खातं शिवलंच नाही. विनिमय दर हलतो म्हणून ७५ च्या जागी ८५ हजार ठेवले.

वावर तारण ठेवून शैक्षणिक कर्ज काढावं, असा सल्ला गावात हमखास मिळतो. पण न्यायालयात न जाता बँकेला तारण जप्त करू देणारा जो सरफेसी कायदा, त्याखाली शेतजमिनीवर जप्ती करता येत नाही, म्हणून मोठ्या शैक्षणिक कर्जाला बँका शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार होत नाहीत. तिच्या घरी या सल्ल्यापायी दोन आठवडे गेले आणि हाती काही लागलं नाही.

व्हिसाचं शुल्क एप्रिल २०२५ मध्ये ५२४ पौंड झालं. आरोग्य अधिभार वर्षाला ७७६. बारा महिन्यांच्या अभ्यासक्रमाला व्हिसा मिळतो सोळा-एक महिन्यांचा, म्हणून अधिभार दीड वर्षाचा, १,१६४ पौंड. तो एकरकमी, अर्जासोबतच. क्षयरोगाची तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्रातच करावी लागते आणि प्रमाणपत्र सहा महिने चालतं. शासनाच्या जाहिरातीच्या आणि विद्यापीठाच्या तारखा एकमेकांशी जुळवलेल्या नसतात. निवड यादी लागेपर्यंत विद्यापीठाची अनामत भरण्याची मुदत टळू शकते. त्यासाठी आधीच ईमेल करून ‘शासकीय शिष्यवृत्तीचा निर्णय प्रलंबित’ म्हणून मुदतवाढ मागायची. मागितली तर पुष्कळदा मिळते, पण ती मागावी हेच कुणी सांगत नाही.

पहिला निबंध : ५४

गुणांची पट्टी आधी समजून घ्यावी. पदव्युत्तर स्तरावर ५० ला उत्तीर्ण, ६० ला गुणवत्ता श्रेणी, ७० ला विशेष प्रावीण्य. ८० च्या वर क्वचितच कुणी जातं. आपल्याकडच्या ७२ टक्क्यांच्या सवयीला ५८ म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं. तसं ते नाही.

तिच्या ५४ मागचं कारण मात्र खरं होतं. प्रश्न होता: कामाची अट घालून मदत दिली तर ती गरजूंपर्यंत पोचते का? दोन हजार शब्दांपैकी नऊशे शब्दांत तिने महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेची ‘व्याख्या, उद्दिष्टे, वैशिष्ट्ये, गुण, दोष’ लिहिले. आपल्या बी.ए.च्या उत्तरपत्रिकेचा हा ठरलेला साचा आहे. परीक्षकाचा शेरा एका शब्दाचा: ‘वर्णनात्मक’. विदर्भातून गेलेल्या मुलांना पहिल्या सत्रात हा शेरा इतक्यांदा मिळतो की त्याचा अर्थ त्यांना ब्रिटनला निघण्याआधीच सांगून ठेवावा. काय घडतं ते लिहिलं, ते का घडतं आणि त्याविरुद्ध काय म्हणता येईल ते लिहिलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पुढच्या निबंधासाठी सामग्री तिच्याकडेच होती. इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्यात दारिद्र्यगृहातली स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवायची, असं तत्त्व होतं. खरा गरजू असेल तोच आत येईल, हा त्यामागचा हिशेब. रोजगार हमीच्या १९७७ च्या कायद्यातही अंगमेहनतीची अट घालून गरजू आपोआप निवडले जातील असं मानलं गेलं. वर्गात सगळ्यांनी यातलं साम्य सांगितलं. तिने फरक मांडला. दारिद्र्यगृहात शिरणारा माणूस हक्क गमावत होता. उलट इथे नमुना ४ भरून काम मागणारी बाई हक्क वापरत असते, आणि तारखेची पोचपावती हाती असेल तरच पंधरा दिवसांनंतर बेरोजगार भत्ता मागू शकते. गावात अडतं ते पावतीवर. अर्ज तोंडी घेतला, पावती दिलीच नाही, की कायद्याच्या लेखी तिने काम मागितलेलंच नसतं. म्हणजे गाळणी कामाच्या अटीत नाही, पावतीत आहे. या निबंधाला ६६ पडले.

वाचन आठवड्याला प्रत्येक विषयाचे तीन-चार लेख. सगळं ओळीने वाचायला बसलं की रात्र पुरत नाही. आधी सारांश आणि निष्कर्ष, मग लेखकाचं म्हणणं एका वाक्यात मराठीत, मग त्याविरुद्धचा आपला एक मुद्दा. चर्चावर्गात बोलण्याआधी तिच्याकडे हा एक मुद्दा लिहिलेला असायचा. उच्चारांची भीती चौथ्या आठवड्यात गेली. मुद्दा नसण्याची भीती त्याच्याही आधी गेली होती.

कामाच्या तासांबाबत एक चूक टाळावी. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. उन्हाळ्यात पदवीच्या मुलांना सुट्टी असते, एम.एस्सी.च्या मुलांना नसते. प्रबंधाचे महिने सत्रातच धरतात. सोबतचे जुलैमध्ये पूर्णवेळ काम करतात म्हणून आपणही केलं, तर व्हिसाचा नियम मोडतो.

प्रबंध आणि पेरणी

१८० श्रेयांकांपैकी प्रबंधाचे ६०. तिची योजना अशी होती: जूनमध्ये तीन आठवडे गावी येऊन पंचवीस विधवा महिलांच्या मुलाखती. यात तीन गोष्टी चुकल्या.

एक, जून. ब्रिटनमधला प्रबंधाचा मोसम आणि आपला खरीप एकाच वेळी येतात. पेरणीच्या दिवसांत सकाळी सातला वावरात गेलेली बाई दिवे लागताना परतते. तिला तासभर बसवून प्रश्न विचारणं हा तिच्या मजुरीवर घाला आहे.

दोन, नैतिक मान्यता. आत्महत्याग्रस्त कुटुंब म्हणजे संवेदनशील गट. मुलाखतीत कुणाला त्रास झाला तर काय करणार, कुठे पाठवणार, याचं लेखी उत्तर समितीला हवं असतं. मान्यतेला आठवडे लागतात. संमतीपत्रावर सही घेण्याची कल्पनाही गावात चालत नाही. ‘सही कशाची घेऊन राहिली बाई?’ हा प्रश्न येणारच, कारण इथे सही-अंगठा म्हणजे कर्जाचा कागद. तोंडी, ध्वनिमुद्रित संमतीची परवानगी तिने कारणासह मागितली आणि ती मिळाली.

तीन, विद्यापीठ सोडून येणं. व्हिसाचा प्रायोजक म्हणून विद्यापीठाला हजेरीची नोंद ठेवावी लागते, त्यामुळे क्षेत्रकार्यासाठी आधी लेखी परवानगी लागते.

आराखडा बदलला. महिलांच्या मुलाखती वगळल्या. त्याऐवजी फायली पुढे नेणाऱ्या आठ कर्मचाऱ्यांच्या मुलाखती, मेच्या उत्तरार्धात, सकाळी कचेरीची वेळ सुरू होण्याआधी. आणि माहिती अधिकार. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. म्हणून अर्ज फेब्रुवारीतच टाकायचा, म्हणजे पहिलं अपील करावं लागलं तरी मे हाताशी राहतो. पहिल्या उत्तरात पात्र-अपात्रांची फक्त बेरीज आली, अपात्रतेची कारणं नाहीत. ‘कारणांसह माहिती द्यावी’ असं अर्जात लिहिलंच नव्हतं. दुसरा अर्ज अभिलेख पाहणीचा, कलम १० प्रमाणे नावं झाकून. पाहणीचा पहिला तास मोफत असतो. त्या वेळी ती ब्रिटनमध्येच होती, म्हणून वडिलांना अधिकारपत्र देऊन पाठवलं. काय टिपायचं त्याचा तक्ता तिने आधीच पाठवला होता: निर्णयाची तारीख, शेरा, कोणता कागद कमी.

गावाचं नाव प्रबंधात आलं नाही, तालुक्याचंही नाही. आठशे लोकवस्तीच्या गावात ‘सोसायटीचा माजी संचालक’ एवढं म्हटलं तरी माणूस ओळखू येतो.

भाषांतरात एक चूक जवळजवळ छापली गेली होती. एका कर्मचाऱ्याचं वाक्य होतं, ‘सातबारा बुढ्याच्या नावानं हाय, मंग पोराले कर्ज कोन देते?’ विद्यापीठातल्या सहाध्यायीने यंत्रावर भाषांतर करून दिलं त्यात ‘बुढा’चा ‘म्हातारा माणूस’ झाला, म्हणजे कुणीतरी परका. वऱ्हाडीत बुढा म्हणजे बाप. तो शब्द बदलताच वाक्य वारसाहक्काचं होतं: बाप जिवंत आहे, वावर पोरगा करतो, कर्ज मात्र त्याच्या नावावर निघत नाही, म्हणून तो सावकाराकडे जातो आणि तिथला कागद समितीपुढे चालत नाही. तिने मूळ वऱ्हाडी वाक्यं परिशिष्टात देवनागरीत ठेवली, प्रत्येकाखाली भाषांतर आणि शब्दाची टीप. परिशिष्ट शब्दमर्यादेत धरत नाहीत. ‘तगादा’ शब्दाची टीप सगळ्यात लांब झाली, अर्ध्या पानाची.